अप्पांच्या कानातली पूजा

आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात अप्पांना ती ऐकू यायला लागली. सकाळी आंघोळ करून ते मधल्या खोलीत खाटेवर बसायचे, ऐकायचं मशीन कानात घालायचे आणि थोड्या वेळानं त्यांचा चेहरा सैल व्हायचा. मान किंचित डावीकडे कलायची. मधूनच ते 'हं' म्हणायचे. माझ्या बायकोला आधी वाटलं, देवाचं काही पुटपुटताहेत. तिनं विचारलं तेव्हा ते अगदी सहज म्हणाले, "तिची पूजा चालू हाय. मंत्र म्हनायलीय."

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, पुरतात, आणि तेही बसवून. मांडी घालून, डाव्या तळहातावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवून. आईलाही सेलूच्या बाहेर आमच्या जागेत तसंच बसवलं होतं. स्वामींनी तिच्या तळहातावर लिंग ठेवलं, विभूती लावली, बेल वाहिला, आणि आम्ही माती लोटली. जिवंतपणी ती रोज सकाळी अशीच तर बसायची. लिंग तळहातावर, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत आणि शब्द एक कळत नाही. अप्पांचा हिशेब सरळ होता.

"झोपवलेलं मानूस गप ऱ्हातं," ते मला म्हणाले. "तिला तर आपन बसवून आलो. हातात लिंग देऊन आलो. मंग ती दुसरं काय करंल?"

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. पोरांच्या चुका काढण्यातच माझा जन्म गेला आणि त्यात मला मजाही येते, हे कबूल करतो. पण अप्पांच्या या बोलण्यातली चूक मला फळ्यावर मांडून दाखवता आली नसती.

अप्पा काही भाबडे नव्हेत. त्यांनी सगळं आयुष्य जिनिंगमध्ये कापूस पारखण्यात घालवलं. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायची, उजेडात बघायची आणि धागा किती लांब ते सांगायचं. त्यांनी सांगितलेलं कुणी परत तपासून बघत नसे. असा माणूस मेलेल्या बायकोचा आवाज येतो म्हणायला लागला की गावाला बोलायला दुसरा विषय लागत नाही. देवगाव फाट्यावर चहा पिताना मला एकानं विचारलं, "सर, अप्पाचं डोकं फिरलं म्हनतेत, खरं हाय का?" मी चहा तसाच ठेवून उठलो.

शेवटी परभणीला डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर सभ्य होते. अप्पांशी नीट, मोठ्यानं, त्यांच्या तोंडाकडे बघून बोलले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, या वयात जोडीदार गेला की असे भास होतात, घाबरू नका. गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी आवाज काही गेला नाही, अप्पा मात्र गेले. दिवसभर पेंगायचे. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळायची आणि त्यांना ती कळायची नाही. बोलताना जीभ जड व्हायची, हात थरथरायचे. आणि एवढं सगळं होऊनही सकाळी मशीन लावलं की त्याच जड जिभेनं म्हणायचे, "म्हनायलीय."

मग एका सकाळी त्यांच्या हातून लिंग पडलं. तळहातावर घेऊन बसले होते, बसल्या बसल्या डोळा लागला, हात कलंडला आणि लिंग फरशीवर गेलं. आमच्यात याहून वाईट काही नाही. लिंग अंगावेगळं झालं तर माणूस असून नसल्यासारखा धरतात. मी धावत जाऊन उचललं, पुसलं, त्याला कुठं काही झालं नव्हतं. पण अप्पा हात पुढं करेनात. "माझा हात आता त्या लायकीचा न्हाई ऱ्हायला," म्हणाले आणि रडायला लागले. स्वामींना बोलावलं, त्यांनी जे करायचं ते केलं, समजूत घातली. तेव्हा कुठं त्यांनी ते परत गळ्यात घातलं. तळहातावर घ्यायचं मात्र सोडलं ते सोडलंच.

त्या दिवशी मला गोळ्यांचा असा संताप आला की ते पाकीट उचलून गटारात टाकावं. बायकोनं ते हातातून काढून घेतलं, म्हणून राहिलं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आवाज थांबल्याशिवाय गोळी थांबवता येणार नाही, मध्येच सोडली तर त्रास वाढेल. म्हणजे आधी आवाज थांबायला हवा होता.

कोडं सोडवलं ते बायकोनं. भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "एक सांगू का? तुमी घरी नसले की आत्याबाई बोलत न्हाईत." आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी आई. "तुमी पेपर तपासायला परभणीला जायलते ना, तवा मामा रोज नुसतेच बसून ऱ्हायचे. मशीन लावून. काहीच येत नव्हतं त्यांना."

माझं लक्ष भिंतीवरच्या काळ्या केबलकडे गेलं.

मला हौशी रेडिओचा नाद आहे, म्हणजे घरात बसून लांबच्या माणसांशी रेडिओवर बोलायचं. सरकारी परवाना आहे, परीक्षा देऊन मिळवलेला. सकाळी कॉलेजला जाण्याआधी मी चाळीस मीटरच्या पट्ट्यावर जातो. तिथं ठरलेली चार-दोन माणसं असतात. त्यांतला एक कोकणातला निवृत्त मास्तर, त्याला मी जन्मात पाहिलेलं नाही, पण त्याच्याशी बोलल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. अँटेना आधी गच्चीवर होती. वानरांनी तिच्यावर झोके खेळून ती तोडली. परत बांधली, परत तोडली. त्यानंतर बांधली तेव्हा शेजाऱ्यानं भांडण काढलं, की तुमच्या तारेनं आमच्या घरावर वीज पडंल. त्याच उन्हाळ्याच्या तोंडाला मी चिडून सगळं खाली उतरवलं आणि तार घरातच, हॉलच्या छताखालून भिंतींच्या कडेनं फिरवली. तिथून निघालेली केबल मधल्या खोलीतून, अप्पांच्या खाटेच्या उशाजवळून, पलीकडच्या खोलीत माझ्या टेबलापर्यंत येते.

घरातली अँटेना ही गैरसोयच. तिला दोन हात असतात, दोन्हीकडं सारखी पसरलेली तार, आणि रेडिओची शक्ती त्या दोन हातांतच जायला हवी. पण घरात भिंती, सळया, पंखे, वायरिंग, सगळं तिला खेटून. त्यामुळे तोल बिघडतो आणि थोडी शक्ती परत फिरून केबलच्याच बाहेरच्या जाळीवरून घरात हिंडायला लागते. केबल जिथून जाईल तिथं ती जाते. अप्पांचं मशीन जुन्या पद्धतीचं, बंडीच्या खिशात डबी आणि तिथून कानापर्यंत वायर. ती वायर नेमकी त्या केबलच्या शेजारी.

अप्पा आंघोळीला गेले तेव्हा मी ते मशीन स्वतःच्या कानात घातलं, मायक्रोफोनची वायर ताणून त्यांच्या खाटेशी उभा राहिलो आणि बटण दाबून माझं रेडिओवरचं नाव उच्चारलं. माझ्या आवाजाच्या मागं, डबीतून, दुसरं कुणीतरी बोललं. रेडिओचं बोलणं त्या मशीनला उलगडत नाही, म्हणून शब्द एकही नाही. नुसता चढउतार, ओठांतल्या ओठांत, भरभर, मग थांबून पुन्हा. खोटं कशाला बोलू, मलाही ती आईच वाटली. मी मशीन काढलं आणि तिथंच खाटेवर बसलो.

अप्पांना सांगून पाहिलं. ते चिडले. "तू तुझ्या खोलीत बोलायलास, ते माझ्या कानात कसं यील? आन तुझा आवाज मला ठावं न्हाई व्हय? तू तर भांडल्यावानी बोलतोस."

रेडिओ बंद ठेवला. आवाज थांबला. अप्पा रोज मशीन लावून मान कलती करून बसायचे आणि जेवायच्या वेळी बायकोला हळूच विचारायचे, "तिला कुनी काही बोललं का?" मी आनंदानं डॉक्टरांना फोन केला, की आवाज थांबला, आता गोळ्या बंद करा. ते म्हणाले, "बघा, गोळी लागू पडली. हीच चालू ठेवू." मी कपाळाला हात लावला. मग सगळं सांगितलं, रेडिओ, केबल, मशीन. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सर, तुम्ही म्हणता तसं असेलही," ते म्हणाले. "तुमचा रेडिओ रोजच्यासारखा चालू राहू द्या आणि तरी त्यांना काही ऐकू येत नाही असं झालं, तर मी गोळी कमी करायला सुरुवात करतो." त्यांचं चुकत नव्हतं. मी त्यांच्या जागी असतो तरी हेच मागितलं असतं.

यावरचा उपाय मला माहीत होता, वर्षानुवर्षं आळसानं टाळला होता एवढंच. केबल आणि तार जिथं जोडली जातात तिथं बॅलन बसवायचा. परत फिरणारी शक्ती तो अडवतो. बाजारात मिळतो, पण सेलूच्या बाजारात नाही, आणि हातानं करायचा तर फार अवघडही नाही. मी बोअरच्या पाइपाचा तुकडा आणला, त्यावर केबल शेजारीशेजारी घट्ट गुंडाळली आणि छताला टांगली. सकाळी रेडिओ लावला, मास्तरांशी बोललो, आणि बोलता बोलता दारातून अप्पांकडे बघत राहिलो. त्यांची मान कलली होती. म्हणजे येत होतं. पण कपाळाला आठ्या होत्या.

"आवाज बारीक झालाय तिचा," ते नंतर म्हणाले. "बरं न्हाई वाटतं तिला."

आईचा आवाज शेवटी असाच बारीक होत गेला होता. आम्ही तिच्या तोंडाशी कान नेऊन ऐकायचो. अप्पांना तेवढंही येत नव्हतं, ते नुसते तिच्या ओठांकडे बघत बसायचे. आता त्यांनी हट्टच धरला, की जाऊन बघून येऊ. संध्याकाळी त्यांना मोटारसायकलवर मागं बसवून तिच्या जागेवर नेलं. एका हातानं त्यांनी माझा खांदा धरला होता, दुसऱ्यानं खिशातली डबी. तिथं ते मातीजवळ बसले, मशीनचं बटण फिरवून मोठं केलं, वाकले. वारा होता, तोच त्यात घोंघावत असणार. बऱ्याच वेळानं ते उठले. "हितं येत न्हाई," म्हणाले. "घरीच येतं." परत येताना मला गाडी नीट चालवता येत नव्हती. एकदा वाटलं, राहू द्यावं सगळं. पण घरी आल्यावर त्यांनी रात्रीची गोळी घेतली आणि जेवतानाच ताटावर कलंडले.

पाइपाचं काम अर्धवट होत होतं म्हणून मी जुन्या कॉम्प्युटरमधली पिवळी रिंग काढून तिच्यावर वेढे घातले. काही फरक पडला नाही. मास्तरांना विचारलं तर ते रेडिओवर मनापासून हसले. "अहो, फिजिक्सचे ना तुम्ही? पिवळी रिंग लोखंडाच्या भुकटीची, ती या कामाची नाही. काळी फेराइट लागते. पाठवतो." पोस्टानं त्यांनी खरंच पाठवल्या, वर्तमानपत्रात गुंडाळून. बरोबर चिठ्ठी, की तुमची घरातली खरखर जाईल आणि आवाज आम्हाला स्वच्छ येईल. मी त्यांचे आभार मानले. त्या रिंगांनी मी नेमकं काय बंद करणार आहे, ते मला त्यांना सांगवलं नाही.

काळ्या रिंगा एकावर एक ठेवून त्यांतून केबल वेढे घेत ओवली, वर टेप गुंडाळली, प्लास्टिकच्या डब्यात बसवली आणि स्टुलावर चढून जोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं आणि पहिल्याच वाक्याला मास्तर म्हणाले, "काय केलंत? समोर बसून बोलल्यासारखं येतंय." इतर दोघांनीही तेच सांगितलं. खरखर गेली होती, पलीकडची माणसं श्वास घेताना ऐकू येत होती. एरवी मी पेढे वाटले असते. मी खुर्ची वळवून मधल्या खोलीत पाहिलं. अप्पा मान कलती करून बसले होते. मग त्यांनी डबी बाहेर काढली, बटण फिरवलं, अजून फिरवलं, मशीन शिट्टी वाजवायला लागलं. त्यांनी ते बंद केलं आणि कानातलं काढून मांडीवर ठेवलं.

त्या दिवशी मी कॉलेजला गेलो नाही. अप्पांना मशीन लावून त्यांच्या खाटेवर बसवलं आणि म्हणालो, "तुमी कापूस पारखता तसं हे पारखा. मी सांगत न्हाई काही." बॅलन लावून बोललो, काढून बोललो, परत लावून बोललो. ते डोळे मिटून बसले. मध्येच हात वर करून थांबवायचे. "आता बोल. आता नको. आता परत." पारखायला बसले की माणूस बदलायचा, गोळ्यांची गुंगीही बाजूला झाली. मी मुद्दाम न सांगता उलटसुलट केलं, तेही त्यांनी प्रत्येक वेळी बरोबर ओळखलं. मग त्यांनी डोळे उघडले.

"बराबर हाय," ते म्हणाले. "तूच हाईस."

"हो अप्पा."

"म्हंजे माझं डोकं ठिकानावर हाय."

"पयल्यापासून ठिकानावरच होतं."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि मशीन डबीसकट कोनाड्यात ठेवून दिलं.

अप्पांशी वाद घालून मी आयुष्यात पहिल्यांदा जिंकलो होतो. डॉक्टरांनी शब्द पाळला. गोळी अर्धी केली, मग पाव, मग बंद. अप्पांची जीभ मोकळी झाली, लाळ थांबली, हात स्थिर झाला. एका सकाळी पाहिलं तर ते लिंग तळहातावर घेऊन बसले होते आणि हात जराही हलत नव्हता. देवगाव फाट्यावरच्या त्या माणसाला मुद्दाम गाठून मी सगळं सांगितलं, रिंगांसकट. त्याला काही कळलं नसावं, पण माझं समाधान झालं.

पण अप्पा आता दिवसभर जागे होते. पूर्वी सकाळी आवाज यायचा आणि उरलेला दिवस गोळीत जायचा. आता सकाळपासून रात्रीपर्यंत लख्ख शुद्धीत, खाटेवर, गल्लीकडे तोंड करून. मशीन लावत नव्हते. "कशाला, ऐकायचं काय हाय," एवढंच म्हणायचे. जेवण अर्ध्यावर आलं. मी शेजारी बसून मोठमोठ्यानं बोलायचो, कापसाचा भाव, कॉलेजातल्या गमती, आईच्या माहेरची, चारठाण्याची खुशाली. ते मान हलवायचे, ऐकू आलं म्हणून नव्हे, मी थांबावं म्हणून. रात्री त्यांच्या खाटेचा आवाज येत राहायचा. बायको एकदा म्हणाली, "मामा बरे झाले म्हणता तुमी. मला तर बरे दिसत न्हाईत."

ते मला दिसत नव्हतं असं नाही. मग आम्ही दोघांनी ठरवलं. बायकोनं त्यांना गोडीगुलाबीनं मशीन लावायला लावलं आणि मी स्टुलावर चढून तो डबा काढून टाकला, केबल पूर्वीसारखी थेट जोडली. रेडिओ लावला. मास्तर आले. मी हळू बोलत होतो, शब्द गिळत, जमेल तेवढं पुटपुटत. "आवाज पडलाय का तुमचा?" ते विचारत होते. "आणि खरखर परत कशी आली?" मी काहीबाही उत्तर देत दारातून बघत होतो. अप्पांची मान डावीकडे कलली. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, जमलं. मी बोलतच राहिलो, बोलायला काही उरलं नाही तर पाढे म्हणायला लागलो.

थोड्या वेळानं ते उठून माझ्या दारात आले. मशीन कानातच होतं.

"तूच हाईस न्हं?"

मी बटण सोडलं. "हो अप्पा."

"ते डब्बडं काढलंस व्हय?"

"हो."

"उपेग न्हाई त्याचा," ते म्हणाले. रागानं नाही, कापसाच्या गाठीबद्दल सांगावं तसं. "सगळं तेच हाय, तसंच येतंय. पर मला आता कळतंय ना, तू हाईस म्हनून." त्यांनी कानातलं काढलं आणि वायर डबीभोवती नीट गुंडाळली. "ते परत बसव. तुझ्या लोकांना नीट ऐकू जाऊ दे. आन त्या गोळ्या हायेत का अजून?"

"आहेत. कशाला?"

"चालू कर. त्येनं झोप तरी लय लागायची."

"अप्पा, तुमाला काही झालं न्हाई. डोकं ठिकानावर हाय तुमचं."

"हाय ना," ते म्हणाले. "म्हनून तर मागायलोय."

मी त्यांच्यासमोरच परभणीला फोन लावला. तिकडून डॉक्टर म्हणाले, "बोला सर, कसे आहेत वडील?" अप्पा माझ्या ओठांकडे बघत उभे होते. डॉक्टर पुन्हा म्हणाले, "हॅलो, बोला."